एल-वाय जोडताना सांधा कुठे निसटतो

आमच्या कोपऱ्यावरच्या उडुपी हॉटेलात भिंतीवर दरफलक आहे. त्यात सगळ्यात वर इडली, आणि तिचं इंग्रजी स्पेलिंग आय-डी-एल-वाय. इंग्रजी कोशात इडली सापडते, पण तिथे ती शेवटी आय घेऊन बसलेली असते. वायवाला शब्दही कोशात आहे, फक्त त्याचा तांदूळ-उडदाशी काही संबंध नाही. 'आयडल' म्हणजे रिकामटेकडा, त्यापासून झालेला हा 'आयडली', म्हणजे रिकामटेकडेपणाने, काही काम न करता. सकाळी साडेआठला तिथे एका चहावर तासभर पेपर वाचत बसलेली मंडळी पाहिली की फलक चुकलाय असं ठामपणे म्हणवत नाही.

गंमत बाजूला ठेवली तरी त्या चार अक्षरांत इंग्रजी स्पेलिंगचे दोन नियम दडलेले आहेत, आणि फलक रंगवणाऱ्याने ते नकळत पाळलेत. विशेषणाला एल-वाय जोडून क्रियाविशेषण करायचं, एवढं पाचवी-सहावीत सगळेच शिकतात. स्लोचं स्लोली, क्विकचं क्विकली. घोळ होतो तो जोडताना, सांध्यावर. तो सांधाच आज जरा जवळून बघू. स्पेलिंग मात्र शाळेत घोकायचो तसं अक्षरांची नावं घेतच लिहिणार आहे: ए ॲपलचा, ई एलिफंटचा, आय इंकपॉटचा. शक्यतो मोठ्याने वाचा, घरचे बघतील तर बघू देत.

आधी आपल्याच घरात डोकावू, कारण अर्धी अडचण तिथली आहे. मराठीत आपण म्हणतो, तो चांगला गातो, ती चांगली गाते, पोरं चांगली गातात. यातलं 'चांगला' गाण्याबद्दल सांगतं, म्हणजे काम क्रियाविशेषणाचं; पण कपडे विशेषणाचेच, आणि लिंग-वचनही गाणाऱ्याप्रमाणे बदलतं. मराठीला त्यात काही वावगं वाटत नाही. त्यामुळे इंग्रजीत 'ही सिंग्ज गुड' असं तोंडातून निघतं तेव्हा आपण आळशीपणा करत नसतो, मराठीचं व्याकरण प्रामाणिकपणे पाळत असतो. जर्मन माणसाचंही असंच होतं. त्याच्या भाषेत 'गूट' म्हणजे चांगला आणि चांगल्या प्रकारे, दोन्ही. इंग्रजीला मात्र तिथे 'वेल' लागतं, आणि ते कुठल्याही नियमाने गुडपासून तयार होत नाही. ते पाठच करावं लागतं.

क्रियाविशेषण मुद्दाम घडवायचं झालं तर मराठीत सोयी भरपूर आहेत. शांतपणे, प्रेमाने, मुख्यतः, काळजीपूर्वक, अधिकृतरीत्या. इंग्रजीने एवढे पर्याय ठेवलेच नाहीत. एकच शेपूट, 'ली', आणि तेच जवळपास सगळ्यांना. हे शेपूट आलं कुठून? जुन्या इंग्रजीत 'लीच' असा एक शब्द होता, अर्थ शरीर, देह, आकार. विशेषणाला तो जोडला की 'अमुक रूपाचा', आणि त्याच्याही शेवटी आणखी एक स्वर लावला की 'अमुक रूपाने'. आजचा 'लाइक', म्हणजे सारखा, हाही त्याच कुळातला. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवारात शिरताना छप्पर असलेलं एक फाटक लागतं, त्याला अजून लिच-गेट म्हणतात. शवपेटी आत नेण्याआधी तिथे टेकवत. त्या फाटकातला 'लिच' आणि 'स्लोली'मधला 'ली' ही सख्खी भावंडं. फ्रेंच-स्पॅनिशवाल्यांनी त्याच कामाला लॅटिनमधला 'मेन्ते' घेतला, ज्याचा अर्थ मनाने. आपण 'मोकळ्या मनाने बोल' म्हणतो, अगदी तोच प्रकार. इंग्रज देहाने काम करतो आणि फ्रेंच मनाने, असा याचा अर्थ काढू नका. पण कानाला बरं वाटतं खरं.

आता सांध्याकडे.

पहिली गोष्ट म्हणजे इथे कान बंद ठेवायचे. देवनागरी बऱ्याच अंशी ऐकल्यासारखी लिहिता येते, म्हणून आपल्याला तीच सवय. 'फायनली' ऐकलं, एक 'ल' ऐकू आला, एक एल लिहिला, चूक झाली. ऐकायचं नाही, आधीचं विशेषण पूर्ण लिहायचं आणि मगच एल-वाय जोडायचं. 'फायनल'ला स्वतःचा एल आहे, शेपटाचा दुसरा, म्हणून दोन. 'युज्वली', 'रियली', 'ब्यूटिफुली', सगळीकडे हेच. उलट 'स्लो'च्या शेवटी एल नाही, म्हणून 'स्लोली'त एकच. दोन एल कुठे आणि एक कुठे हे पाठ करायची गरजच उरत नाही.

यातल्या 'फुल'वाल्या शब्दांत मात्र मी स्वतः कितीतरी वर्षं अडखळायचो. 'फुल' एकटा असतो तेव्हा दोन एल, पण दुसऱ्या शब्दाच्या पाठीला चिकटला की एक एल गळतो. म्हणून 'केअरफुल'च्या शेवटी एकच एल. आणि मग 'केअरफुली' करताना शेपटाचा एल येतो नि पुन्हा दोन होतात. शाळकरी वह्यांत हे नेमकं उलटं दिसतं: केअरफुलला दोन एल आणि केअरफुलीला एक. आणि 'फुल'चंच 'फुली' करायचं तर? दोन अधिक एक, तीन एल व्हायला हवेत. इंग्रजी तीन सारखी अक्षरं सलग सहन करत नाही, म्हणून दोनच: एफ-यू-एल-एल-वाय.

दुसरा सांधा ईचा. शब्दाच्या शेवटी न उच्चारला जाणारा ई असला तर काय करायचं? 'मेक'चं 'मेकिंग' करताना ई जातो, हे सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की 'सिन्सिअरली'तला ईही लोक उडवतात. पण मेकिंगमध्ये ई जातो तो पुढून स्वर येतो म्हणून. 'ली' सुरू होतो व्यंजनाने, तिथे ई हलत नाही. सेफ, सेफ्टी, सेफली. तिन्हींत ई शाबूत. आणि तो तिथे उगाच बसलेला नाही. 'लेट'मधला 'ए' लांब ठेवणारा तोच. त्याला काढलात तर 'लेटली'चं वाचताना 'लॅटली' होईल. म्हणून सिन्सिअरलीचं स्पेलिंग एस-आय-एन-सी-ई-आर-ई-एल-वाय. अर्जाच्या खाली हा शब्द लिहायची वेळ आली की थांबून 'सिन्सिअर' आधी पूर्ण लिहा. अर्जाचा विषय निघालाच आहे तर: इंग्रजांच्या रिवाजात सुरुवातीला नुसतं 'डिअर सर' असेल तर शेवटी 'युवर्स फेथफुली', आणि नाव घेऊन सुरुवात केली असेल तर 'युवर्स सिन्सिअरली'. आणि 'युवर्स'च्या एसआधी वरचा स्वल्पविराम कधीच नाही. तो देणाऱ्यांची संख्या मात्र ई गाळणाऱ्यांपेक्षाही जास्त असावी.

या ईच्या नियमाला तीन बंडखोर आहेत: ट्रू, ड्यू आणि होल, म्हणजे संपूर्ण. शेवटी ई असूनही तो टाकून देतात. ट्रूली म्हणजे टी-आर-यू-एल-वाय, ड्यूली म्हणजे डी-यू-एल-वाय, होली म्हणजे डब्ल्यू-एच-ओ-एल-एल-वाय.

ट्रू आणि ड्यूचं कारण समजलं की ते बंडखोर वाटत नाहीत. इंग्रजीत एक जुना संकोच आहे: शब्दाच्या शेवटी यू उघडा ठेवायचा नाही. 'मेन्यू'सारखे बाहेरून आलेले पाहुणे आणि 'यू'सारखे थोडे अपवाद सोडा, एरवी शेवटी यू आला की त्याच्या मागे एक ई उभा करतात. ट्रू, ड्यू, ब्लू, व्हॅल्यू, आर्ग्यू बघा. हा ई उच्चारासाठी नाही, फक्त यू झाकायला आहे. आता मागून 'ली' आलं की यू शेवटी राहतच नाही, झाकायला काही उरत नाही, आणि ई घरी जातो. 'आर्ग्यू'चं 'आर्ग्युमेंट' होताना ई जातो तोही याच हिशेबाने. मग 'युनिकली' आणि 'व्हेगली'त ई का राहतो? कारण तिथला यू क्यू आणि जी यांच्या हाताखाली कामाला आहे, त्याला स्वतःचा आवाजच नाही.

होलचं प्रकरण निराळं. त्याच्या आरंभीचा डब्ल्यू मागाहून, पंधराव्या शतकाच्या सुमाराला, लिहिण्यात शिरला. मूळ शब्द 'हाल', ज्यापासून 'हील' आणि 'हेल्थ' निघाले. ई गेला तरी दोन एल राहतात, एक मूळचा नि एक शेपटाचा. त्याच्याच चालीचा 'सोल', म्हणजे एकमेव, ई अजिबात सोडत नाही, 'सोलली' करताना तो तसाच राहतो. तेव्हा होल एकटाच लक्षात ठेवायचा.

ड्यूलीशी माझी एक आठवण जोडलेली आहे. एका सोसायटीत भाड्याने राहत असताना जिन्यातल्या फलकावर नोटीस लागली होती: सर्व सभासदांनी नॉमिनेशनचे फॉर्म 'ड्यूली फिल्ड अँड साइन्ड' करून अमुक तारखेआधी द्यावेत. 'ड्यूली' म्हणजे रीतसर. फक्त नोटीस टाइप करणाऱ्याने एक एल जास्त दिला होता, डी-यू-एल-एल-वाय. हा शब्दही अस्तित्वात आहे, 'डल'चं क्रियाविशेषण 'डली', म्हणजे मरगळलेपणाने, निरुत्साहाने. थोडक्यात, सर्व सभासदांनी फॉर्म कंटाळत भरावेत असा फतवा निघाला होता. सभासदांनी तो तंतोतंत पाळला असं ऐकतो. स्पेलचेकरने लाल रेघ ओढली नसणार, कारण दोन्ही शब्द त्याच्या यादीत. दोन जिवंत शब्दांत एका अक्षराचा फरक असेल तिथे यंत्र गप्प बसतं.

आता 'आयडल'कडे परत. जेंटल, सिंपल, पॉसिबल, टेरिबल, कम्फर्टेबल. या सगळ्यांच्या शेवटी एल-ई आणि त्याआधी व्यंजन. सरळ जोडायला गेलं तर 'जेंटल-ली', म्हणजे एकामागोमाग दोन 'ल', मध्ये मुका ई. जीभ हे दोनदा म्हणत नाही. आपण नाही का नाककट्याचा नकटा केला, दोन क शेजारी आले तेव्हा एक गिळला? तसंच इथे. ईच्या जागी नुसता वाय बसतो: जी-ई-एन-टी-एल-वाय. 'सिंप्ली', 'पॉसिब्ली', 'प्रॉबेब्ली' तशाच. आणि आयडल, आय-डी-एल-ई, त्याचा ई जाऊन वाय आला की आपली इडली तयार. पण एल-ईच्या आधी स्वर असला तर हे चालत नाही. सोल, पेल (फिकट), व्हाइल (नीच) यांचा ई जागचा हलत नाही, त्यामुळे 'सोलली'. एक नवल 'सपल'चं, म्हणजे लवचिक. त्याचं नियमाने केलेलं क्रियाविशेषण लिहिलं तर ते 'सप्लाय'सारखंच दिसतं. म्हणून बरेच जण तिथे ई ठेवूनच लिहितात, आणि शहाणे तो शब्दच टाळतात.

फलकवाल्याचा दुसरा नियम वायचा. यूसारखाच संकोच इंग्रजीला आयबद्दलही आहे. शब्दाच्या शेवटी आय उघडा नको, त्याच्या जागी वाय. टॅक्सी, स्की ही पुन्हा पाहुणेमंडळी. इडलीसुद्धा पाहुणीच, म्हणून कोशात तिच्या शेवटी आय. पण इंग्रजी शब्द बघून बघून तयार झालेला हात आपोआप वायकडे वळतो, आणि फलकवाल्याचा तसाच वळला. वाय हा शेवटच्या जागेवरचा पोशाख आहे असं समजा. शब्द पुढे वाढला की पोशाख उतरतो आणि आतला आय दिसतो. 'हॅपी'चं 'हॅपिली', एच-ए-पी-पी-आय-एल-वाय. इझी, लकी, अँग्री, हेवी, नेसेसरी, सगळ्यांचं तसंच.

मराठी माणसाला हे सोपं जायला हवं, कारण आपल्याकडे याचीच उलटी बाजू रोज वापरात आहे. प्रति अधिक एक, प्रत्येक. अति अधिक अंत, अत्यंत. इथे 'इ'चा 'य' होतो, तिथे वायचा आय. वर 'अधिकृतरीत्या' लिहिलं तेही याच घरातलं: संस्कृत 'रीति', तिची तृतीया 'रीत्या', म्हणजे रीतीने. म्हणून 'री' दीर्घ. वर्तमानपत्रांतसुद्धा ऱ्हस्व 'रि' सर्रास छापलेली दिसते. चूक त्याच कारणाने होते, कान ऐकतो आणि सांधा दिसत नाही.

एकाच झटक्यात उच्चारले जाणारे छोटे शब्द मात्र वाय सोडायला तयार नसतात. 'शाय'चं 'शायली', 'स्लाय'चं 'स्लायली', वाय तसाच. 'ड्राय'चं दोन्ही प्रकारे लिहिलेलं चालतं, आय घालून किंवा वाय ठेवून. कोशांत दोन्ही मिळतील. आणि 'डे'चं 'डेली' करताना वायचा आय होतो. इथे नियम शोधत बसू नका, शब्द इतका रोजचा आहे की हातच बरोबर लिहितो.

माझ्या मते सगळ्यात जास्त दगा देणारा सांधा 'इक'चा आहे, कारण तिथे कान आणि अक्षरं यांच्यात सरळ भांडण आहे. 'बेसिकली' हा शब्द तर आता मराठीच झालाय. दर तिसरं वाक्य बेसिकलीने सुरू करणारे लोक तुमच्याही ऑफिसात असतील. उच्चार बे-सिक-ली. मध्ये 'अल' कुठे ऐकू येतो? कुठेच नाही. लिहायचं मात्र बी-ए-एस-आय-सी-ए-एल-एल-वाय. सायंटिफिकली, ऑटोमॅटिकली, रोमँटिकली, स्पेसिफिकली, सगळीकडे हा न ऐकू येणारा ए-एल. तो आला जोडशब्दांच्या सवयीतून. इंग्रजीत 'इक' आणि 'इकल' अशा जोड्या पुष्कळ: हिस्टॉरिक-हिस्टॉरिकल, कॉमिक-कॉमिकल, इकॉनॉमिक-इकॉनॉमिकल. क्रियाविशेषण बनवताना भाषेने 'इकल'लाच शेपूट लावायची वहिवाट पाडली, आणि मग ज्यांना 'इकल'वालं भावंड नाही त्यांनाही तीच लागू झाली. 'बेसिकल' असा शब्द कोणी वापरत नाही, तरी बेसिकलीत तो लपून बसलाय. या सगळ्या पंगतीत एकटा 'पब्लिक' वेगळं पान मांडतो: पी-यू-बी-एल-आय-सी-एल-वाय, मध्ये ए-एल नाही. शिकलेसवरलेले लोक पब्लिकलीतही ए-एल घालतात, आणि बेसिकलीतून काढतात. नेमकं उलट.

'ॲक्सिडेंटली'चं दुखणं याच्या शेजारचंच. ॲक्सिडेंट हे नाम, त्याला थेट शेपूट लागत नाही. आधी विशेषण, 'ॲक्सिडेंटल', मग ली. म्हणून ए-सी-सी-आय-डी-ई-एन-टी-ए-एल-एल-वाय. 'इन्सिडेंटली'ही तसाच. एक घास गिळलेला आहे हे उच्चारात कळत नाही.

पण काही चुकांचं खापर उगाच 'ली'वर फुटतं. 'डेफिनेटली' घ्या, ज्यात लोक नंतरच्या आयच्या जागी ए घालतात. सांधा बरोबर असतो, मूळ विशेषणच चुकलेलं असतं. 'डेफिनिट'च्या पोटात 'फाइनाइट' आहे, म्हणजे मर्यादित. तो दिसला की डी-ई-एफ-आय-एन-आय-टी-ई-एल-वाय पुन्हा चुकत नाही. 'सेपरेटली'त उलट, मधला ए लोक ई करतात. 'इमिजिएटली'त दोन एम. हे सगळं विशेषणाचं कर्ज आहे, क्रियाविशेषण ते वारसाहक्काने फेडतं.

इथे उच्चाराची एक बारीक गोष्ट सांगून टाकतो, बातम्या वाचणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. ई-डीने संपणाऱ्या काही शब्दांना ली लागली की मेलेला ई जिवंत होतो. 'अलेज्ड' म्हणताना ई मुका, पण 'अलेजिडली' म्हणताना तो बोलतो. 'सपोज्ड', पण 'सपोझिडली'. 'मार्क्ट', पण 'मार्किडली'. स्पेलिंग सरळ, जीभ वाकडी.

आता ज्यांच्या अंगावर एल-वाय दिसतं पण जे क्रियाविशेषण नाहीतच अशांकडे वळू. फ्रेंडली, लव्हली, लोनली, अग्ली, सिली, कॉस्टली. सगळी विशेषणं. 'ही स्पोक फ्रेंडली' हे कानाला गोड लागलं तरी बरोबर नाही. 'इन अ फ्रेंडली वे' असं लांबून जावं लागतं. फ्रेंडली-लव्हलीसारख्यांचं मूळ वरच्या 'लीच'मध्येच आहे. जुन्या इंग्रजीत नुसता 'लीच' लागला की विशेषण आणि शेवटी आणखी एक स्वर लागला की क्रियाविशेषण, असा स्वच्छ फरक होता. पुढच्या शतकांत शेवटचे स्वर झडले, दोघांचं अंग सारखं झालं, आणि दोघांच्या वाट्याला एकच 'ली' आली. 'काइंडली' तर दोन्हीकडे नोकरी करतो: काइंडली म्हातारा हे विशेषण, आणि आपल्या अर्जांतलं 'काइंडली डू द नीडफुल' हे क्रियाविशेषण.

शेवटचे स्वर झडल्याने दुसरीकडेही गोंधळ झाला. काही जुन्या विशेषणांची क्रियाविशेषणं नुसता एक स्वर लावून होत असत, ली न घेता. स्वर गेला आणि दोन्ही शब्द दिसायला एक झाले. फास्ट, हार्ड, लेट अशी ती मंडळी. 'ही रन्स फास्ट' यात फास्ट क्रियाविशेषणच आहे, त्याला ली नको. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं 'फास्टली' हे नियम नीट शिकल्यामुळे झालेलं चुकीचं बाळ आहे. मला त्याच्याबद्दल थोडी सहानुभूती वाटते, पण लिहू नका.

अशा बिनशेपटीच्या शब्दांना एके काळी भरपूर मोकळीक होती. शेक्सपिअरच्या नाटकातला पहारेकरी बेधडक 'बिटर कोल्ड' म्हणतो. मग अठराव्या शतकात व्याकरणाचे मास्तर आले. त्यांतले रॉबर्ट लाउथ, जे पुढे लंडनचे बिशप झाले, यांनी 1762च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात विशेषण क्रियाविशेषणासारखं वापरणं भाषेच्या प्रकृतीला धरून नाही असं सांगितलं, आणि ते शाळांतून मुरलं. रस्त्यांवर ते पुरतं मुरलं नाही. खोदकामाजवळ 'गो स्लो' असतं, घाटात 'ड्राइव्ह स्लोली' असतं, आणि दोन्ही बरोबर आहेत. 1997मध्ये ॲपल कंपनीने 'थिंक डिफरंट' अशी जाहिरात केली, तेव्हा ली कुठे गेली म्हणून वाद घालणारे निघालेच.

सगळ्यात मोठा धोका तिथे आहे जिथे शेपटीचा आणि बिनशेपटीचा, दोन्ही शब्द चालू आहेत आणि अर्थ वेगळे. 'निअर' म्हणजे जवळ, 'निअरली' म्हणजे जवळजवळ. हे तर मराठीने भाषांतर करूनच ठेवलंय. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'हाय' म्हणजे उंच, 'हायली' म्हणजे अतिशय. आणि 'हार्ड' म्हणजे कष्टाने, पण 'हार्डली' म्हणजे जेमतेम, जवळपास नाहीच. हा अर्थ कसा फिरला तेही मराठीत दिसतं. हार्डली आधी खरंच जोर लावून, मग मोठ्या कष्टाने, मग कसंबसं. 'सभेला मुश्किलीने दहा माणसं होती' म्हणताना आपण माणसांच्या कष्टाबद्दल बोलत नसतो, ती कमी होती एवढंच सांगत असतो.

हे सगळं मला कळलं ते उशिरा. पहिल्या नोकरीत वर्षअखेरीला एक फॉर्म भरायचा होता, आपण वर्षभर काय केलं ते आपणच लिहायचं. मी विशेषणाला ली जोडायचा नियम आठवून, मोठ्या अभिमानाने, सुवाच्य अक्षरांत लिहिलं: 'आय हॅव वर्क्ड हार्डली थ्रूआउट द इयर.' आठवड्याने फॉर्म परत आला. खाली साहेबांची सही होती आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द, 'ॲग्रीड'.